कापूस वेचायचा, मिरची तोडायची. इंग्रजीत दोन्ही ‘पिक’!

सिल्लोडच्या शिवारात मिरचीचा हंगाम सुरू झाला की सकाळीच बाया डबा बांधून रानाकडे निघतात. कुठं निघालात विचारलं तर उत्तर येतं, ‘मिरच्या तोडायला.’ दिवाळीच्या सुमारास त्याच बाया म्हणतात, ‘कापूस वेचायला.’ ज्वारीची कणसं खुडायची, मक्याची मोडायची, भुईमूग उपटायचा, आंबे उतरवायचे, चिंचा झोडपायच्या. कापूस ‘तोडायला’ किंवा मिरची ‘वेचायला’ चाललो, असं इथं कुणी म्हणत नाही.

मिरची तोडतात, मग कापूस का वेचतात? उत्तर शेवटी देतो. तोवर एवढं लक्षात ठेवा, की इंग्रजीत कापूस, मिरची, आंबा आणि फूल या सगळ्यांना बहुतेक वेळा एकच क्रियापद पुरतं: ‘पिक’.

मग इंग्रजी क्रियापदं आपल्या पोरांना अवघड का जातात? कारण दुसरीकडे हाच खेळ उलटा चालतो. आपण ‘पाहणे’ म्हणून मोकळे होतो, तिथं इंग्रजी तीन शब्द पुढं करते. मराठवाड्यातल्या अनेक घरांत आजोबांची शाळा निजामाच्या काळात उर्दूत झाली, वडिलांची मराठीत, आणि नातवंडं इंग्रजीशी झगडतायत. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं. तरी ‘से’ कुठं आणि ‘टेल’ कुठं, हा घोळ कॉलेजपर्यंत सोबत येतो. गंमत अशी, की यातले बरेचसे फरक आपल्या मराठीत, आपल्या रानात आणि स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. चला, एकेक उचलून बघू.

१. परीक्षा देतो कोण, घेतो कोण?

आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि शाळा परीक्षा घेते. इंग्रजीत बरोबर उलटं! तिथं विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात. म्हणून दहावीचा मुलगा इंग्रजीत ‘मी परीक्षा गिव्ह करतो’ म्हणाला, की परदेशातला माणूस त्याला मास्तर समजून बसेल. आपण उत्तरपत्रिका देण्याकडे पाहिलं, त्यांनी प्रश्नपत्रिका हातात घेण्याकडे. प्रसंग तोच, फक्त बघणारा बाकाच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे.

२. निघताना ‘येतो’, निघण्याआधी ‘आलो’

पाहुणा उठला की ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आईनं हाक मारली की पोरगं जागेवरूनच ओरडतं, ‘आलो, आलो!’ पाय हललेला नाही, पण क्रियापद भूतकाळात पोचलंसुद्धा. इंग्रजीत या हाकेला ‘आय अ‍ॅम कमिंग’ असं चालू काळातलं उत्तर लागतं, आणि निरोप घेताना ‘कम’ चालत नाही, ‘गो’ किंवा ‘लीव्ह’ लागतं.

‘ब्रिंग’ आणि ‘टेक’चा गोंधळही इथंच सुटतो. येण्याबरोबर जे होतं ते ‘ब्रिंग’, म्हणजे आणणे. जाण्याबरोबर जे होतं ते ‘टेक’, म्हणजे नेणे. तिसरा भाऊ ‘फेच’ हा जोडकाम करणारा: जाऊन आणणे. विहिरीवर गेला, घागर भरली, घरी आणली, हे सगळं एकट्या ‘फेच’मध्ये बसतं.

३. कानावर पडलं, कान दिला, ऐकलं

रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि आवाज कानावर पडला, हे ‘हिअर’. मुद्दाम रेडिओपुढे बसून बातम्या ऐकल्या, हे ‘लिसन’. मराठीत हा फरक आहेच: एक ‘ऐकू येणं’, दुसरं ‘ऐकणं’. एक आपोआप होतं, दुसरं आपण करतो. हे कळलं की दोन्हीत चूक होत नाही.

आणखी एक मजा बघा. ‘हा पोरगा माझं ऐकत नाही’ असं आई म्हणते, तेव्हा तिला पोराच्या कानाची काळजी नसते. तो सांगितलेलं मानत नाही, हे तिला म्हणायचं असतं. इंग्रजीत आज्ञा पाळण्याला ‘ओबे’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या पोटात ऐकण्याचाच धातू आहे. ‘ऑडिओ’तला ‘ऑडी’ तो हाच. ऐकणं म्हणजेच मानणं, हे रोमच्या लोकांनाही सुचलं होतं आणि सिल्लोडच्या आईलाही.

४. जागलीतून निघालेलं घड्याळ

डोळे उघडे होते म्हणून दिसलं, ते ‘सी’. मान वळवून नजर टाकली, ते ‘लुक’. हलत्या गोष्टीवर बराच वेळ नजर ठेवली, ते ‘वॉच’. डोंगर दिसतो, फळ्याकडे बघतात, क्रिकेटचा सामना पाहत बसतात.

यातला ‘वॉच’ शेतकऱ्याच्या खास ओळखीचा निघतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता जागं राहणं, रात्रीची राखण करणं. म्हणजे आपली जागल! रानडुकरांपासून मका वाचवायला रात्री मळ्यात जी जागल करतात, गावगाड्यात जो जागल्या असायचा, त्याचंच हे इंग्रजी रूप. जागं होणं या अर्थाचा ‘वेक’ आणि हा ‘वॉच’ एकाच घरातले. मनगटावरच्या घड्याळालाही पुढं हेच नाव मिळालं.

‘वेट’, म्हणजे थांबणं, हादेखील त्यांचा नातेवाईक. तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ होता टपून बघत राहणं. आपण काय म्हणतो? ‘वाट पाहणे’. एस्टी येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहायचं. दोन्ही भाषांत वाट बघणाऱ्याचे डोळेच कामाला लागलेले आहेत.

५. पडला की पाडला?

‘लाय’ आणि ‘ले’, ‘राइझ’ आणि ‘रेझ’, ‘सिट’ आणि ‘सेट’. या जोड्यांनी भल्याभल्यांना रडवलं आहे. पण मराठी माणसानं यात अडकायचं कारणच नाही. आपण रोज म्हणतो: पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, जळणे आणि जाळणे, गळणे आणि गाळणे. पहिल्यात गोष्ट स्वतः होते, दुसऱ्यात कुणीतरी ती घडवतो.

इंग्रजीतही हेच. सूर्य स्वतः उगवतो, म्हणून ‘राइझ’. हात आपण वर करतो, म्हणून ‘रेझ’. माणूस स्वतः आडवा होतो, म्हणून ‘लाय’. पुस्तक आपण टेबलावर ठेवतो, म्हणून ‘ले’. झाड आपोआप पडलं तर ‘फॉल’, कुऱ्हाडीनं पाडलं तर ‘फेल’. नापास होण्याचं ‘फेल’ वेगळं बरं का! फक्त एक खड्डा जपा: ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो, म्हणून दोघांची गाठ पडते. खोटं बोलण्याचं ‘लाय’ तिसरंच, त्याचा भूतकाळ ‘लाइड’.

यातली सर्वांत सुंदर जोडी पिणे आणि पाजणे. पिणे म्हणजे ‘ड्रिंक’. पाजणे? ‘ड्रेंच’! आज ‘ड्रेंच’ म्हणजे चिंब भिजवणं, पण जन्मतः तो ‘पाजणे’च होता. जनावरांचे डॉक्टर अजूनही बैलाला नळीनं औषध पाजण्याला ‘ड्रेंच’च म्हणतात.

मात्र ‘ब्रेक’च्या बाबतीत आपली भाषा पुढं गेली. फांदी तुटते, मडकं फुटतं, काठी मोडते. आपण फांदी तोडतो, मडकं फोडतो, काठी मोडतो. इंग्रजीत सगळीकडे ‘ब्रेक’.

६. जॉन स्मिथनं नेमकं काय केलं?

सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागलं की आपल्याच तालुक्यातलं अजिंठा गाव लागतं, आणि घाट उतरून पुढं गेलं की शेजारच्या सोयगाव तालुक्यातली जगप्रसिद्ध लेणी. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीला आला आणि त्यानं लेण्यांचा ‘शोध लावला’, असं पुस्तकात असतं.

मराठीत ‘शोध’ हा एकच शब्द तीन कामं करतो. हरवलेली म्हैस शोधायची, अमेरिकेचा शोध लागला, टेलिफोनचा शोध लावला. इंग्रजीत तीन वेगळे दरवाजे आहेत. हरवलेलं शोधून काढलं तर ‘फाइंड’. आधीपासून होतं पण माहीत नव्हतं ते उघड केलं तर ‘डिस्कव्हर’. शब्दातच ‘कव्हर’ आहे, झाकण काढलं. आणि नव्हतंच ते तयार केलं तर ‘इन्व्हेंट’. म्हणून ‘न्यूटननं गुरुत्वाकर्षण इन्व्हेंट केलं’ हे वाक्य चूक. ते त्याच्या आधीही आंबे खाली पाडतच होतं.

मग स्मिथ? डोंगर नवा नव्हता, लेणी नवी नव्हती, आणि परिसरातल्या लोकांच्या ती ओळखीची होती. बाहेरच्या जगाच्या डोळ्यांवरचं झाकण त्यानं काढलं, एवढंच ‘डिस्कव्हर’ त्याच्या वाट्याला येतं. दहाव्या लेण्यात त्यानं स्वतःचं नाव आणि तारीख मात्र कोरून ठेवली.

कोरण्याचीही एक गोष्ट आहे. लिहिण्याला इंग्रजीत ‘राइट’ म्हणतात आणि त्याचा फार जुना अर्थ खरवडणं, कोरणं असा होता. आपलं ‘लिहिणे’ संस्कृत ‘लिख्’ धातूपासून आलं, त्याचाही मूळ अर्थ ओरखडणं. शाई येण्यापूर्वी माणूस दगडावर आणि लाकडावर ओरखडे काढत होता, त्याची खूण दोन्ही भाषांनी जपली.

७. अजिंठ्यात मुक्काम ठोकून चित्रं ‘काढणारा’ मेजर

१८४४ मध्ये मद्रास फौजेतल्याच रॉबर्ट गिलवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचं काम सोपवलं गेलं. तो अजिंठा गावात राहिला आणि कित्येक वर्षं लेण्यांत रंग घेऊन बसला. त्याची सोबतीण पारो हिची गावातली समाधी आजही आहे. ना. धों. महानोरांनी गिल आणि पारोवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं आणि ही कहाणी मराठी घरांत पोचवली.

गिलनं काय केलं? मराठीत ‘चित्रं काढली’. इंग्रजी विचारेल, पेन्सिलीनं रेघा काढल्या की रंग भरले? रेघा असतील तर ‘ड्रॉ’, रंग असतील तर ‘पेंट’. गिलनं केलं ते ‘पेंट’, आणि मुळाबरहुकूम केलं म्हणून ‘कॉपी’. त्याच्या बहुतेक प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्या जळाल्या. पुढं तो फोटोही ‘काढू’ लागला होता. इंग्रजीत फोटोला ‘टेक’ लागतं, म्हणजे घेणं.

पण ‘ड्रॉ’ आणि ‘काढणे’ यांची मैत्री बघा. ‘ड्रॉ’ म्हणजे मुळात ओढणं. इंग्रज माणूस विहिरीतून पाणी ‘ड्रॉ’ करतो, बँकेतून पैसे ‘ड्रॉ’ करतो आणि कागदावर चित्र ‘ड्रॉ’ करतो. आपणही पाणी काढतो, पैसे काढतो, चित्र काढतो. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी एकाच दोरानं पाणी शेंदलं!

८. लढाई जिंकली, शत्रूला हरवलं

‘आम्ही त्या संघाला जिंकलो’ असं मराठीत कुणी म्हणत नाही, पण इंग्रजीत आपली मुलं हमखास ‘वी वन देम’ म्हणतात. सामना, बक्षीस, निवडणूक ‘विन’ होते. समोरच्या माणसाला मात्र ‘बीट’ करावं लागतं. जिंकणे आणि हरवणे, इतकं सोपं.

उदाहरण जवळचंच घेऊ. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या कंपनी फौजेनं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याशी झुंज दिली. वेलस्लीनं लढाई ‘विन’ केली आणि मराठा फौजेला ‘बीट’ केलं. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूवर त्यानं नेपोलियनला ‘बीट’ केलं. तरी उतारवयात, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतलं होतं. मराठा तोफखान्यानं दिलेल्या झुंजीची ही किती मोठी पावती!

९. चोरी, दरोडा आणि आपण इंग्रजीला दिलेली लूट

पाकीट गेलं तर ‘स्टील’. माणसाला किंवा बँकेला लुबाडलं तर ‘रॉब’. म्हणजे ‘स्टील’चा डोळा वस्तूवर, ‘रॉब’चा डोळा मालकावर. माझी सायकल ‘स्टील’ होते, पण सायकल हिसकावून घेतली तर ‘रॉब’ मी होतो.

‘लूट’ हा तर आपल्याच मातीतला शब्द. तो हिंदी-हिंदुस्थानीतून अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत गेला. लढाईनंतर किंवा दंगलीत जमावानं घरं-दुकानं साफ केली की आज सगळं जग ‘लूट’ म्हणतं. डोक्याला लावायचा ‘शॅम्पू’ही असाच इथून गेला. चांपणं म्हणजे दाबणं, मालिश करणं. इंग्रजीत तो अठराव्या शतकात क्रियापद म्हणून पोचला आणि फेसाशी त्याचं नातं नंतर जुळलं. आपण पाय ‘चेपतो’, त्याच्याच वळणाचा हा शब्द.

१०. उसनं घेणारा आणि देणारा

‘मला पेन बॉरो कर’ हे वाक्य वर्गावर्गात ऐकू येतं. घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. वाचनालय पुस्तक ‘लेंड’ करतं, वाचक ते ‘बॉरो’ करतो. मराठीत आपण ‘उसनं’ला घेणे-देणे जोडून काम भागवतो, इंग्रजीत दोघांना वेगळी नावं दिली आहेत.

पण व्यवहाराचे प्रकार आपल्याकडे जास्त! वाटीभर साखर उसनी, कारण तेवढीच साखर परत द्यायची. दुकानातला किराणा उधार, कारण पैसे नंतर द्यायचे. बँकेचं कर्ज, कारण त्यावर व्याज चढतं. शेतकऱ्याला या तिन्हींतला फरक झोपेतही कळतो.

आणि भाड्याच्या घरात इंग्रजीचीच गफलत होते. घरमालक घर ‘रेंट’ करतो आणि भाडेकरूही घर ‘रेंट’च करतो. देणारा-घेणारा ओळखायला पुढचं वाक्य वाचावं लागतं.

११. म्हणणं, सांगणं, बोलणं

‘टेल’ला समोर माणूस लागतो: मला सांग, आईला सांग. ‘से’ला शब्द लागतात: तो काय म्हणाला? ‘स्पीक’ला भाषा किंवा सभा चालते: मराठी बोलतो, सभेत बोलला. ‘टॉक’ला बहुधा दोघं लागतात: पारावर बसून बोलत होते. म्हणणे म्हणजे ‘से’, सांगणे म्हणजे ‘टेल’, एवढं पक्कं केलं तरी निम्म्या चुका गळून पडतात.

आपलं ‘म्हणणे’ मात्र गाणंसुद्धा म्हणतं, पाढे म्हणतं, आरती म्हणतं. इंग्रजीत गाण्याला ‘सिंग’ आणि पाढ्यांना ‘रिसाइट’ लागतं.

१२. ठेचा सांगतो इंग्रजीला, थांब जरा

मिरचीच्या तालुक्यात हा विषय सोडून चालणार नाही. हिरवी मिरची ठेचतात, वाळलेली लाल मिरची कांडतात, चटणी पाट्यावर वाटतात, ज्वारी दळतात, डाळ भरडतात, वरण घोटतात, आलं चेचतात, जायफळ सहाणेवर उगाळतात. इंग्रजीत ‘क्रश’, ‘पाउंड’, ‘ग्राइंड’, ‘मॅश’ आहेत: दाबून चुरा करणं, मुसळीनं कुटणं, दोन दगडांत दळणं, शिजलेलं कुस्करणं. पण ‘उगाळणे’ला तिथं एका शब्दाचा जोडीदार नाही. पाणी टाकून दगडावर गोल गोल घासत लेप काढायचा, एवढं सगळं सांगावं लागतं.

उलट चुलीवर इंग्रजी पुढं. आपण भाकरी भाजतो, शेंगदाणे भाजतो, वांगं भाजतो, पाव भाजतो. इंग्रजीत बंद भट्टीतलं ‘बेक’, कोरडं खरपूस ‘रोस्ट’, थेट आचेवर ‘ग्रिल’, आणि पावाला ‘टोस्ट’.

१३. नेसणं, घालणं, बांधणं, माळणं

लुगडं नेसायचं, सदरा घालायचा, फेटा बांधायचा, बांगड्या भरायच्या, गजरा माळायचा, कुंकू लावायचं. गुंडाळायच्या कपड्याला एक शब्द, शिवलेल्याला दुसरा, केसांतल्या फुलाला तिसरा. इंग्रजीत या बहुतेकांना ‘वेअर’ पुरतं. तिथं माणूस साडी, चष्मा, घड्याळ, अत्तर आणि दाढीसुद्धा ‘वेअर’ करतो. चेहऱ्यावरचं हसूही!

इंग्रजीतला फरक वेगळ्या जागी आहे. अंगावर चढवण्याची क्रिया ‘पुट ऑन’, चढवल्यानंतरची अवस्था ‘वेअर’. ‘शर्ट घालतोय’ आणि ‘शर्ट घातलाय’, बस.

१४. काय काय बुडतं?

दगड पाण्यात गेला तर ‘सिंक’. माणूस बुडून मेला तर ‘ड्राउन’. दगड ‘ड्राउन’ होत नाही, कारण त्याला श्वासच नसतो. मराठीत दोघंही बुडतात. शिवाय शाळा बुडते, पैसे बुडतात, कर बुडवतात, आणि संध्याकाळी दिवसही बुडतो. इंग्रजीत शाळेला ‘मिस’, पैशाला ‘लूज’, कराला ‘इव्हेड’ आणि सूर्याला ‘सेट’.

१५. दार लाव म्हणजे बंद, टीव्ही लाव म्हणजे चालू

हा आपला हुकमी एक्का. ‘दार लाव’ म्हटलं की दार बंद करायचं. ‘दिवा लाव’ म्हटलं की चालू करायचा. झाड लाव म्हणजे रोप जमिनीत घालायचं, बटण लाव म्हणजे अडकवायचं, तेल लाव म्हणजे चोळायचं, रांग लाव म्हणजे उभं राहायचं. एकाच शब्दानं चालूही करायचं आणि बंदही! ‘लाइट ओपन कर’ ही मात्र चूक. इंग्रजीत दिव्याला ‘टर्न ऑन’ लागतं, दाराला ‘क्लोज’ किंवा ‘शट’.

त्याचं भावंड ‘लागणे’ तर थांबतच नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, आग लागते, झोप लागते, एस्टी फलाटाला लागते, घाटात गाडी लागते, भाजी बुडाला लागते, झाडाला मिरच्या लागतात. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश छापणाऱ्या मोल्सवर्थपासून आजच्या मोबाइलमधल्या भाषांतरयंत्रापर्यंत सगळ्यांना असल्या शब्दांशी झुंजावं लागलं आहे.

इंग्रजीचा मल्ल आहे ‘रन’. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या संपादकांनी २०११ च्या सुमारास क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ मोजले. त्याआधी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मान ‘सेट’चा होता. माणूस पळतो, नळ वाहतो, दुकान चालतं, रंग उतरतो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो: सगळीकडे ‘रन’.

१६. जे इंग्रजी भारतात बदललं

‘मी २०१५ ला पास आउट झालो’ असं आपण अभिमानानं सांगतो. इंग्लंड-अमेरिकेत साध्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं! पदवी घेतली म्हणायचं तर ‘ग्रॅज्युएट’ वापरा. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेला कार्यक्रम अलीकडे घेणं, हा मात्र भारतीय इंग्रजीचा खास शब्द. ‘पोस्टपोन’चं हे उलटं रूप इथं रुळलं आणि ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेलं. भाषा वापरणाऱ्याची असते, हे यातून दिसतं.

चटकन लक्षात ठेवा

• आठवलं तर ‘रिमेंबर’. दुसऱ्याला आठवण करून दिली तर ‘रिमाइंड’.
• शिकतो तो ‘लर्न’, शिकवतो तो ‘टीच’.
• कपडा दोरीवर ‘हंग’. फाशी दिलेला माणूस ‘हँग्ड’.
• पेटी वाजवतात, पत्ते खेळतात. इंग्रजीत दोन्ही ‘प्ले’.
• नवं काही तयार झालं तर बहुधा ‘मेक’, काम उरकलं तर ‘डू’: चहा ‘मेक’, गृहपाठ ‘डू’.
• आशा असेल तर ‘होप’, होणारच असं धरून चाललो तर ‘एक्स्पेक्ट’.
• ‘स्टार्व्ह’ आज उपाशी राहणं. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ फक्त मरणं होता.

आता ते राहिलेलं उत्तर

मिरची देठासकट झाडाला घट्ट असते. तिला हिसका द्यावा लागतो, म्हणून ती तोडायची. कापसाचं बोंड आपणहून उमलतं आणि सरकी-कापूस बाहेर येतो. तो बोटांनी उचलून गोळा करायचा, म्हणून वेचायचा. आधी हातानं फरक केला, मग तो जिभेवर आला.

इंग्रजीच्या शिक्षकांना आणि पालकांना म्हणून एकच विनंती. ‘हिअर’ आणि ‘लिसन’, ‘लाय’ आणि ‘ले’ यांची घोकंपट्टी करून घेण्याआधी मुलांना मराठीतल्या जोड्या विचारा. पडणे-पाडणे विचारा, ऐकू येणे-ऐकणे विचारा, नेसणे-घालणे विचारा. उत्तर अडलं तर रानातून परतलेल्या आईला किंवा आजीला विचारायला पाठवा. एका वहीत डावीकडे मराठी जोडी आणि उजवीकडे इंग्रजी जोडी लिहीत चला, रोज एक. वर्षाअखेर तीनशे पासष्ट जोड्या होतील. ज्याची मराठी बारीक, त्याचं इंग्रजीही पक्कं होतं. वही आजच घाला.